प्रकाशाचा ठसा

वैद्यकांतील ज्या शोधांनीं माणसाचे प्राण वांचविले त्यांच्यावर मोठमोठे ग्रंथ झाले आणि त्यांच्या कर्त्यांचे पुतळे उभे राहिले. परंतु ज्या कारागिरीमुळें माणसाला चार घास सुखानें चावतां येऊं लागले तिच्याकडे इतिहासकारांचें लक्ष क्वचितच गेलें आहे. दंतवैद्याच्या खुर्चींत बसलेल्या मनुष्याचें मन दुखण्यांत आणि पुढें येणाऱ्या खर्चांत गुंतलेलें असतें. आपल्या तोंडांत दाबला जाणारा तो थंडगार लगदा कोठून आला, त्याच्या आधीं काय होतें, आणि अलीकडे त्या लगद्याच्या जागीं विजेरीसारखी एक दांडी येऊन नुसत्या उजेडानें काम कसें उरकूं लागली, हें विचारण्याचें भान त्याला राहूं नये यांत नवल नाहीं. तोंड उघडें ठेवून प्रश्न विचारतांही येत नाहींत. तथापि या लगद्याला सुमारें पावणेतीनशें वर्षांचा इतिहास आहे, आणि त्यांत एका राजाचा दंतवैद्य, समुद्रांतील शेवाळ, एक गाजलेला खून आणि एका विद्यार्थ्याचा प्रबंध या सर्वांना जागा आहे.

मूळ अडचण सांगावयास सोपी आहे. पडलेल्या दांताच्या जागीं दुसरा बसवावयाचा, किंवा किडलेल्या दांतावर टोपी, जिला व्यवहारांत आपण कॅप म्हणतों ती, चढवावयाची, तर ती वस्तु तोंडाबाहेर कारागिराच्या मेजावर घडवावी लागते. सोनार बोटाचें माप दोऱ्यानें किंवा कड्यांच्या जुडग्यानें घेतो. परंतु दांत हा बोटासारखा सरळ आणि गोल नसतो. त्याच्यावर खांचा असतात, उंचवटे असतात. शेजारचा दांत त्याला खेटलेला असतो आणि समोरचा चावतांना नेमका त्याच्यावर येऊन टेकतो. शिवाय तो मध्यें फुगीर व हिरडीजवळ निमुळता असल्यामुळें त्याच्याभोंवतीं घट्ट बसलेली ताठ वस्तु सरळ ओढून काढतां येत नाहीं. तोंड कारागिराकडे पाठवितां येत नाहीं, म्हणून तोंडाचा ठसा पाठवावा लागतो. ठसा उलटा असतो. त्यांत प्लास्टर ओतलें कीं सुलटा जबडा मिळतो, आणि त्या प्लास्टरच्या जबड्यावर कारागीर आपलें काम करतो. या सांखळीच्या प्रत्येक कडींत थोडी थोडी चूक शिरते, आणि चुकीला येथें जागा फारच थोडी. मॅक्लीन व फॉन फ्रॉनहोफर या दोन संशोधकांनीं १९७१ सालीं, पांच वर्षांच्या निरीक्षणानंतर, असें मांडलें कीं टोपीची कड आणि दांत यांमधील फट १२० मायक्रॉनपर्यंत असली तर चालूं शकते. १२० मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरच्या आठव्या भागाहूनही किंचित् कमी. त्याहून मोठी फट राहिली तर मधलें सिमेंट विरघळूं लागतें, तेथें अन्नाचे कण अडकतात, आणि ज्या दांताच्या रक्षणासाठीं टोपी घातली तोच तिच्या आड गुपचूप किडतो.

ही अडचण प्रथम जाणवली ती टोप्यांच्या नव्हे, कवळ्यांच्या बाबतींत. अर्वाचीन दंतवैद्यकाचा पाया घातल्याचा मान ज्याला देतात त्या प्येर फोशार या फ्रेंच शस्त्रवैद्याचा दोन खंडांचा ग्रंथ १७२८ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत कृत्रिम दांतांच्या कवळ्या आहेत, वरची आणि खालची कवळी एकमेकींपासून दूर रेटून धरणाऱ्या कमानी आहेत; ठसा मात्र नाहीं. माप घ्यावयाचें तें कंपासानें. मग हाडाचा किंवा हस्तिदंताचा तुकडा कोरावयाचा, तोंडांत लावून पाहावयाचा, जेथें टोंचेल तेथें तासावयाचा आणि पुन्हां लावून पाहावयाचा. मोच्याकडे जोडा बेतावा तशी ही तऱ्हा होती. फरक एवढाच कीं जोडा सैल झाला तर पायांत चिंधी घालतां येते.

ठसा घेण्याचें पहिलें स्पष्ट वर्णन प्रशियांत सांपडतें. फ्रीड्रिख राजा, ज्याला इतिहास ‘थोर’ हें विशेषण लावतो, त्याच्या पदरीं फिलिप फाफ नांवाचा दंतवैद्य होता. त्यानें १७५६ सालीं, म्हणजे पानिपतच्या रणाआधीं पांच वर्षें, दांतांवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. मेण मऊ करून अर्ध्या जबड्यावर दाबावें, तें काढून घ्यावें, उरलेल्या अर्ध्याचा तसाच ठसा घ्यावा, दोन्ही अर्धे बाहेर जोडावे आणि त्यांत प्लास्टर ओतावें, अशी त्याची रीत होती. जबड्याचे असे दोन भाग कां करावयाचे, हें कोणालाही कळेल. सबंध जबड्याचें मऊ मेण एका हिसक्यानें ओढून काढलें तर तें वांकल्यावांचून राहत नाहीं. म्हणजे ज्या दिवशीं ठसा जन्माला आला त्याच दिवशीं त्याची खरी व्यथाही जन्माला आली. ठसा तोंडांत असतो तोंपर्यंत बिनचूक असतो. तो बिघडतो बाहेर काढतांना.

ग्रंथांत आलेली रीत लोकांच्या तोंडापर्यंत पोंचण्यास वेळ लागतो. १७८९ सालीं जॉर्ज वॉशिंग्टन यानें अमेरिकेचा पहिला अध्यक्ष म्हणून शपथ घेतली तेव्हां त्याच्या तोंडांत स्वतःचा एकच दांत उरला होता. त्याची कवळी लांकडाची होती ही आख्यायिका खोटी आहे. जॉन ग्रीनवुड या त्याच्या दंतवैद्यानें ती पाणघोड्याच्या सुळ्यांत कोरली होती. तींत माणसांचे दांत बसविले होते आणि वर-खालचे भाग जोडण्यास कमानी होत्या. त्यांतले कांहीं दांत गुलामांपासून विकत घेतलेले असावेत, असा तर्क १७८४ सालच्या एका हिशेबाच्या नोंदीवरून करतात. १७९७ सालीं वॉशिंग्टननें ग्रीनवुडला पत्र लिहून तक्रार केली कीं या कवळ्यांनीं आपले ओंठ पुढें ढकलले जातात. त्याच्या उतारवयांतील चित्रांत मिटलेल्या ओंठांचा जो ताठा दिसतो, आणि ज्याचा अर्थ करारी स्वभाव असा पुष्कळांनीं लावला, त्यांतला निदान थोडा वांटा पाणघोड्याचा आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास दोन गोष्टींनीं हा सर्व व्यवहार पालटून टाकला. १६ ऑक्टोबर १८४६ रोजीं बोस्टन येथें विल्यम मॉर्टन या दंतवैद्यानेंच ईथरच्या गुंगीचा जाहीर प्रयोग करून दाखविला. वेदनेचें भय सरतांच दांत उपटून घेणाऱ्यांची संख्या वाढली, आणि पाठोपाठ कवळ्यांची मागणीही वाढली. दुसरी गोष्ट रबराची. १८५१ सालीं नेल्सन गुडइयर यानें गंधक घालून तापविलेल्या कठीण रबराचें पेटंट घेतलें. हें रबर आधीं मऊ असतें. प्लास्टरच्या जबड्यावर दाबून बसवावें आणि वाफेच्या भांड्यांत तापवावें, म्हणजे त्याच आकारांत तें घट्ट होतें. हस्तिदंत कोरणाऱ्याच्या हातांत ठसा हा एक सल्लागार होता. रबराच्या कामांत तो धनी झाला. ठशांत जें असेल तेंच कवळींत उतरणार. म्हणून याच काळांत दंतवैद्यांनीं मेण सोडून प्लास्टरच तोंडांत घालण्यास आरंभ केला, कारण प्लास्टर वांकत नाहीं. तें फुटतें. फुगीर दांतांभोंवतीं घट्ट झालेलें प्लास्टर काढण्यासाठीं वैद्य त्यावर खांचा पाडी, तुकडे तुकडे करून तें बाहेर काढी, आणि फुटलेलें मडकें सांधावें तसे ते तुकडे मेजावर जुळवी. तोंडांत प्लास्टर तापतें, कोरडेपणा आणतें, जिभेला चिकटतें. रोग्याच्या सोशिकतेवर इतका भार टाकणारी आणि तरीही इतकी नेमकी पद्धति दुसरी झाली नाहीं.

रबरी कवळीच्या कथेंतला पुढला भाग मुद्दाम सांगण्याजोगा आहे. जॉन कमिंग्ज नांवाच्या बोस्टनच्या दंतवैद्यानें कठीण रबराच्या कवळीबद्दल पेटंट मागितलें; पहिल्यांदां तें नाकारलें गेलें, पण १८६४ सालीं मिळालें. तें हक्क गुडइयर डेंटल व्हल्कनाइट कंपनीनें विकत घेतले, आणि रबराची कवळी करणाऱ्या अमेरिकेंतील प्रत्येक दंतवैद्याकडून परवान्याचें शुल्क वसूल करण्याचा तिनें सपाटा लावला. कंपनीचा खजिनदार जोसाया बेकन हा स्वतः गांवोगांव फिरून वैद्यांवर खटले भरी. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानेंही पेटंट वैध ठरविलें. ज्यांनीं शुल्क द्यावयाचें नाकारलें त्यांपैकीं सॅम्युएल चाल्फंट हा एक. तो डेलावेअरमधून निघून थेट कॅलिफोर्नियापर्यंत गेला, तरी बेकननें त्याची पाठ सोडली नाहीं. १८७९ सालच्या ईस्टरच्या रविवारीं सॅन फ्रॅन्सिस्को येथील एका हॉटेलांत चाल्फंटच्या पिस्तुलाची गोळी लागून बेकन मरण पावला. चाल्फंटला तुरुंगवास झाला. दोन वर्षांनीं, १८८१ मध्यें, पेटंटची मुदत संपली, आणि रबराची कवळी सर्वांना मोकळी झाली. खुनाचें समर्थन कोणी करणार नाहीं; परंतु गरिबाला परवडणारी पहिली कवळी सतरा वर्षें एका कंपनीच्या परवान्यांत अडकून राहिली, ही गोष्ट विसरण्याजोगी नाहीं. प्रकाशाच्या ठशाकडे आपण पोंचूं तेव्हां ती पुन्हां आठवेल.

प्लास्टरला पर्याय शोधणाऱ्यांत लंडनचा चार्ल्स स्टेंट याचें नांव अवश्य घेतलें पाहिजे. गटापर्चाचा चीक ठशासाठीं वापरून पाहिला जात होता, पण तो थंड होतांना आकसे. १८५६ च्या सुमारास स्टेंटनें त्यांत स्टिअरिन व शंखजिऱ्याची पूड मिसळून एक तांबूस द्रव्य तयार केलें. तें गरम पाण्यांत मऊ होई आणि तोंडांत घट्ट होई. पहिल्या महायुद्धांत योहानेस एसर या डच शस्त्रवैद्यानें छिन्नविच्छिन्न चेहऱ्यांवर कातडें बसवितांना तें जागच्या जागीं धरून ठेवण्यासाठीं हेंच द्रव्य वापरलें, आणि मग ‘आधार देऊन धरणारी वस्तु’ या अर्थानें दंतवैद्याचें आडनांव शस्त्रक्रियेच्या भाषेंत शिरलें. आज हृदयाच्या रोहिणींत बसविण्यांत येणारा स्टेंट घरोघरीं माहीत आहे. त्या शब्दाचें मूळ कवळीच्या ठशांत आहे असें सामान्यतः मानतात.

१९०७ सालीं विल्यम टॅगार्ट यानें मेण वितळवून त्या पोकळींत सोनें ओतण्याची रीत दंतवैद्यकांत आणली. आपल्याकडील धातूच्या मूर्ति घडविणाऱ्यांस ही रीत शतकानुशतकें ठाऊक होती. पाश्चात्त्य दंतवैद्याला ती नवी होती. एकेका दांतापुरतें बारीक सोन्याचें काम होऊं लागलें, तेव्हां कवळीला चालणारा ठसा त्याला पुरेना. फुगीर भागावरून रबरासारखा ताणून निघेल आणि सुटतांच पूर्वीच्या आकारास येईल असें द्रव्य हवें होतें. तें समुद्रांत सांपडलें. व्हिएन्नाच्या अल्फोन्स पोलर यानें १९२५ सालीं अगारचा उपयोग ठशासाठीं करण्याचें पेटंट घेतलें. अगार म्हणजे आपल्या घरांत जेलीसाठीं आणतात तें चायना ग्रास. तें तापवून पातळ करावें, ट्रेमध्यें भरून तोंडांत घालावें आणि ट्रेच्या नळ्यांतून थंड पाणी खेळवून गोठवावें. त्यांत केंसाएवढी रेघही उमटे. परंतु अगार मुख्यतः जपानांतून येई, आणि १९४१ च्या अखेरीस जपान युद्धांत उतरतांच दोस्त राष्ट्रांना त्याची वाट बंद झाली. एडवर्ड स्टॅनफर्ड यानें १८८० नंतर लगेच स्कॉटलंडच्या तपकिरी शेवाळांतून काढलेलें अल्जिन तेव्हां कामास आलें. त्याचीच पूड पाण्यांत कालवून आज बहुतेक दवाखान्यांत पहिला ठसा घेतात. आपल्यापैकीं पुष्कळांच्या जिभेला तिची चव ठाऊक असेल. दोन-तीन मिनिटांत ती घट्ट होते, ती स्वस्त आहे; पण हवेंत ठेवली तर तिच्यांतलें पाणी उडून ती आक्रसते, म्हणून प्लास्टर ओतण्याची घाई करावी लागते.

पुढील रबरांचा पाढा वाचण्याचें कारण नाहीं. १९५० नंतर दुर्गंधीचें पण चिवट पॉलिसल्फाइड आलें, मग सिलिकोन, १९६५ सालीं पॉलिईथर, आणि १९७० नंतर तें सुधारलेलें सिलिकोन, जें आठवडाभर ठेवलें तरी आकार सोडीत नाहीं. (त्याचाही एक रुसवा आहे. दंतवैद्याच्या हातांतील लेटेक्सच्या मोज्यांतला गंधक त्याला लागला तर तें घट्टच होत नाहीं.) एकूण, ठशाचें द्रव्य या घटकेला जवळजवळ परिपूर्ण झालें होतें. अशा वेळीं कोणाला द्रव्यच नको असें वाटावें, हें वरवर पाहतां चमत्कारिक आहे. परंतु उरलेली चूक आतां ठशांत नव्हती; ती ठशाच्या पुढच्या वाटेवर होती. प्लास्टर फुगतें, मेण आकसतें, ओतलेला धातु थंड होतांना लहान होतो. हे सर्व दोष एकमेकांस छेद देतील अशा बेतानें कुशल कारागीर काम करी, आणि रोगी आठवडाभर कच्च्या टोपीवर दिवस काढी.

१९७३ सालीं फ्रान्समधील ल्यों येथें फ्रांस्वा ड्युरे या तरुणानें दंतवैद्यकाच्या पदवीसाठीं प्रबंध सादर केला. त्याचा विषय होता ‘प्रकाशीय ठसा’. तोंडांत प्रकाश टाकून दांताचा आकार आंकड्यांत मोजावा, ते आंकडे गणकयंत्रास द्यावे, आणि गणकयंत्रानें चालविलेल्या कोरणीनें टोपी घडवावी, अशी ती संपूर्ण कल्पना होती. ज्या काळीं गणकयंत्रें अवजड व महाग असत त्या काळीं ही गोष्ट लिहिणें म्हणजे विहीर खणण्याआधीं मोट शिवण्यासारखें होतें. दहा-बारा वर्षें यंत्रें मागें आणि विचार पुढें अशी स्थिति राहिली. १९८५ च्या नोव्हेंबरांत पॅरिस येथील दंतवैद्यांच्या परिषदेंत ड्युरे यांनीं आपल्या पत्नीच्या दांताची टोपी तासाभराच्या आंत करून दाखविली. यंत्र मात्र इतकें अवजड व महाग होतें कीं त्याचा प्रसार झाला नाहीं.

त्याच्या दोन महिने आधीं झुरिकमध्यें निराळ्या वाटेनें निघालेले दोघेजण मुक्कामाला पोंचले होते. विद्यापीठांतील दंतवैद्य वेर्नर म्योरमान यांना टोपी करावयाचीच नव्हती. दाढेंत भरलेला पाऱ्याचा काळा मसाला काढून तेथें दांताच्या रंगाचें भरण घालावें, एवढाच त्यांचा हेतु होता. रेझिनचें भरण घट्ट होतांना आकसतें व कडेला फट पडते. मग आधींच घट्ट असलेला चिनीमातीसारखा तुकडा नेमका कोरून चिकटविला तर? कोरण्यास माप हवें, आणि रोगी खुर्चींत असतांनाच हवें. त्यांचे मित्र मार्को ब्रांडेस्टिनी हे विद्युत्-अभियंते. दोघांनीं मिळून तोंडांत मावणारा कॅमेरा आणि हिऱ्याच्या चाकाचें कोरणयंत्र एकाच गाड्यावर बसविलें. त्या पहिल्या यंत्राला ‘लिंबू’ असें टोपणनांव पडलें, आणि १९ सप्टेंबर १९८५ रोजीं त्यानें पहिल्या रोग्याचें भरण केलें. पुढें सीमेन्स कंपनीनें त्याचा परवाना घेतला व ‘सेरेक’ या नांवानें तें बाजारांत आणलें.

त्याची युक्ति घरबसल्या समजण्यासारखी आहे. दाराच्या फटींतून येणारी उन्हाची तिरीप सपाट जमिनीवर सरळ पडते, पण मध्यें पायरी आली कीं ती मोडते. आणि किती मोडली हें मोजलें तर पायरीची उंची काढतां येते. कॅमेरा दांतावर अशाच बारीक समांतर रेघा तिरप्या टाकतो आणि त्यांच्या मोडीवरून खोली काढतो. मात्र दांत चकाकतो व थोडा पारदर्शकही असतो, त्यामुळें रेघ त्याच्यावर न थांबतां आंत झिरपते. म्हणून त्यावर आधीं पांढरी पूड फवारावी लागे. चित्र एकच, क्षणार्धांत घ्यावयाचें; हात हलला तर सर्व फुकट. आणि एवढें करूनही पहिल्या यंत्राला भरणाचा चावण्याचा वरचा पृष्ठभाग कोरतां येत नव्हता! तो दंतवैद्यानें तोंडांतच, हातानें, घांसून घडवावयाचा. फोशारचा कारागीर तें पाहून मनांत हंसला असता.

पूड आणि कंप यांनीं बेजार झालेल्या या तंत्राला पुढें आणलें तें एका नव्या द्रव्याच्या हट्टानें. स्वीडनमध्यें मात्स अँडरसन यांनीं १९८० नंतर टायटॅनियमच्या टोप्या ओतण्याऐवजीं यंत्रानें घडविण्याची पद्धति काढली, कारण तो धातु ओतण्यास फार त्रासदायक आहे. तोंडांतला ठसा नेहमींच्याच रबराचा. पण प्लास्टरच्या दांतावरून नीलमण्याच्या टोंकाची सुई फिरवून त्याचा आकार टिपावयाचा आणि ते आंकडे दूरच्या कारखान्यास तारेवरून धाडावयाचे. शतकाच्या अखेरीस झिर्कोनिया आला. पांढरा, पोलादासारखा कणखर असा हा पदार्थ कोणत्याही साच्यांत ओतून टोपी होत नाहीं. तो खडूसारख्या कच्च्या अवस्थेंत, प्रत्यक्षाहून बराच मोठा कोरावा लागतो आणि भट्टींत भाजल्यावर सुमारें पांचव्या हिश्श्यानें आकसून योग्य मापाचा होतो. असा हिशेब गणकयंत्रावांचून होणें शक्य नाहीं. रोग्यांना पांढरी टोपी हवी झाली, पांढऱ्या टोपीला आंकडे हवे झाले, आणि मग ते आंकडे प्लास्टरवरून घेण्यापेक्षां थेट तोंडांतूनच कां घेऊं नयेत, असा प्रश्न आपोआप उभा राहिला.

२००६-०७ पासून जीं यंत्रें आलीं त्यांनीं एक चित्र घेण्याची जुनी चाल सोडली. इस्रायलमध्यें तयार झालेल्या आयटेरो यंत्रानें प्रत्येक बिंदु किती अंतरावर स्पष्ट दिसतो हें तपासून त्याची खोली ठरविली. त्यामुळें पुडीची गरज सरली. २०१० च्या सुमारास कोपनहेगनच्या थ्रीशेप कंपनीचें ट्रायोस आलें. आतां दंतवैद्य दांडी दांतांवरून सावकाश फिरवितो, यंत्र क्षणोक्षणीं चित्रें घेतें, आणि दोन चित्रांत जो भाग समान असेल तो एकमेकांवर बसवून सबंध जबडा शिवत जातें. समोरच्या पडद्यावर स्वतःचे दांत रंगांत उमटत असलेले रोगी पाहतो. ओकारीचा उमाळा येणाऱ्यांस, वांकडे दांत सरळ करून घेणाऱ्या मुलांस आणि लगद्याच्या नुसत्या वासानेंच घाबरणाऱ्यांस हा केवढा दिलासा आहे, हें ज्यांनीं तो लगदा भोगला आहे त्यांना सांगावयास नको. चूक झाली तर तेवढाच भाग पुन्हां टिपतां येतो. संपूर्ण ठसा टाकून द्यावा लागत नाहीं.

परंतु या शिवण्यांतच त्याचें दुबळेपण आहे. जमिनीची मोजणी करणारा आपली सांखळी एकामागून एक टाकीत जातो, आणि प्रत्येक टाकण्यांत नखाएवढी चूक झाली तरी शेताच्या दुसऱ्या बांधापर्यंत ती हातभर होते. प्रकाशाच्या ठशाचेंही तेंच. एक टोपी किंवा दोन-तीन दांतांचें काम असेल तर तो उत्तम रबरी ठशाच्या तोडीस तोड उतरतो. या अक्कलदाढेपासून त्या अक्कलदाढेपर्यंत सबंध कमान मोजावयाची झाली, विशेषतः हाडांत बसविलेल्या अनेक खिळ्यांवर एकच अखंड पूल घालावयाचा असला, तर बारीक चुका सांचत जातात. दुसरी मर्यादा साधी आहे: प्रकाशाला दिसतें तेंच तो टिपतो. घासलेल्या दांताची कड हिरडीखालीं गेलेली असेल, वर रक्ताचा किंवा लाळेचा थेंब असेल, तर यंत्र त्या थेंबाचाच आकार इमानानें टिपून घेईल. पातळ रबर हिरडीच्या कडेखालीं थोडें तरी शिरतें. किरण शिरत नाहीं. म्हणून हिरडी बाजूला सारण्यासाठीं तिच्या कडेनें बारीक दोरा भरण्याचें जें किचकट काम पूर्वीं करावें लागे तें आजही करावें लागतें, आणि बऱ्यावाईट कामाचा निवाडा पुष्कळदां त्या दोऱ्यावरच होतो. पडद्यावरचें चित्र इतकें देखणें असतें कीं तें खरें असलेंच पाहिजे असें वाटूं लागतें. रबराच्या ठशांतली बुडबुड्याची खोंच मात्र डोळ्यांत भरे.

आतां बेकनची गोष्ट. रबराचा ठसा ज्याच्या हातीं पडेल त्याला वाचतां येई. कोणताही कारागीर त्यांत प्लास्टर ओतूं शके. प्रकाशाचा ठसा म्हणजे आंकड्यांची फाइल, आणि आरंभींच्या कित्येक यंत्रांच्या फाइली त्या त्या कंपनीच्याच यंत्राला वाचतां येत. ज्याचा कॅमेरा त्याचेंच कोरणयंत्र, त्याचेच ठोकळे. लहान गांवांतल्या दंतवैद्यानें कर्ज काढून कॅमेरा घेतला कीं शेजारच्या, वीस वर्षांच्या ओळखीच्या कारागिराकडे काम पाठविण्याची वाट बंद झाली. १९८७ पासून त्रिमिति छपाईसाठीं प्रचारांत आलेली एसटीएल नांवाची साधी लिपि, जींत कोणताही पृष्ठभाग बारीक त्रिकोणांनीं मांडतात, ती येथें तारक ठरली. ग्राहकांच्या आग्रहानें एकेका कंपनीनें तिला दार उघडलें, आणि आज बहुतेक यंत्रें त्या लिपींत फाइल देतात. तरीही कांहीं यंत्रांना वार्षिक वर्गणी आहे, कांहींच्या सोयी वर्गणी थांबतांच थांबतात. दंतवैद्याच्या खोलींत परवान्याचा माणूस आतां येत नाहीं. तो यंत्रांतच बसलेला असतो. माझ्या मतें तंत्राच्या बिनचूकपणाइतकीच या प्रश्नाचीही चर्चा दंतवैद्यांच्या परिषदांत व्हावयास हवी. त्या खर्चाचा कांहीं अंश शेवटीं रोग्याच्या बिलांतच येतो, आणि रोग्याला तो दिसतही नाहीं.

आणि ज्या कवळीपासून हा इतिहास सुरू झाला तिच्याशीं मात्र प्रकाशाचें अजून पुरतें जमलेलें नाहीं. ज्या तोंडांत एकही दांत उरला नाहीं तेथें ओली, गुळगुळीत, एकरंगी हिरडी पसरलेली असते. दोन चित्रें जुळविण्यास खूण म्हणून धरावें असें तिच्यावर फारसें कांहीं नसतें, आणि यंत्र वाट चुकतें. शिवाय कवळीची कड कोठें थांबावी हें स्थिर हिरडीवरून कळत नाहीं. गाल, ओंठ आणि जीभ हालतांना किती जागा सोडतात यावरून तें ठरतें. म्हणून वैद्य म्हाताऱ्या रोग्याला ओंठ मुडपावयास, गाल आंत ओढावयास, जीभ बाहेर काढावयास सांगतो, आणि त्या हालचाली मऊ द्रव्यावर उमटतात. हेंही प्रकाशानें साधण्याचे प्रयत्न चालू आहेत. तूर्त संपूर्ण कवळी करावयाची झाली कीं, दांडी शेजारींच टांगलेली असतांही, पुष्कळ दंतवैद्य ट्रे उचलतात आणि स्टेंटच्या द्रव्याच्याच वंशांतली एक कांडी ज्योतीवर धरून मऊ करूं लागतात.